साखरेचं पापलेट

जिलेटिन आधी गार पाण्यात फुगतं,
मग दुहेरी भांड्यात, उकळी येऊ न देता, विरघळतं.
त्यात ग्लुकोज, दोन चमचे ग्लिसरीन.
दोनदा चाळलेल्या पिठीसाखरेत आळं करून ओतायचं
आणि पुरणपोळीच्या कणकेसारखं तिंबत राहायचं.
एवढं मला येतं.
पापलेट येत नव्हतं.

हितेनचा फोन : आजी पंच्याहत्तरची होतेय,
दिवाळ्यात चाळीस वर्षं म्हावरं विकलं तिने.
मॅडम, असा करा की मांजर फसली पाहिजे.

आमच्याकडे अंडंसुद्धा गॅलरीत शिजतं.
तरी बेलापूरच्या बाजारात गेले,
नाकाला ओढणी, हातात मोजपट्टी,
एक पापलेट वीस मिनिटं उलटंपालटं करून पाहिलं.
विकणारी म्हणाली, लगीन जमवतेस का त्याचं?

रात्री ओट्यावर कॉर्नफ्लोअर भुरभुरलं, लाटायला घेतलं.
सीवूड्सची हवा. खाडी तीन इमारतींपलीकडे,
पण बंद खिडकीतूनही आत येते
आणि साखरेला रडवते.
पंखा लावला तर कातडी तडकते, हत्तीच्या गुडघ्यासारखी.
बंद केला तर बोटं सोडत नाही.
पंखा एकवर ठेवून मी तुपाच्या हाताने तडे मिटवत राहिले.
कडेची चुणी ओढायची नसते, ओढली की फाटली.
तळव्याच्या उबेने, वरून खाली, जिरवायची.
बुडबुडा दिसला, सुई तिरकी टोचली.
कल्ल्याची झडप वेगळी लाटून चिकटवली.
दीड वाजता ते इतकं गुळगुळीत झालं
की त्यात ट्यूबलाइट दिसत होती.
लिंबाच्या अर्कात कालवलेली चंदेरी भुकटी,
शेपटीकडे ब्रश हलका.
आणि मग, ठाऊक असून,
मुंग्यांच्या भीतीने
फ्रीजमध्ये ठेवलं.

सकाळी रिक्षात, खोका मांडीवर,
सिग्नलला झाकण उचललं
तर पापलेटला घाम फुटलेला.
टिपायला जावं तर कागदाला चंदेरी लागतेय.
झाकण लावलं. सबबी जुळवत बसले :
दमट हवा, रिक्षाचे गचके, जिलेटिनची कंपनी.

मांडव, फुगे, स्पीकरवर कुणाचं तरी हॅलो हॅलो.
टाळ्या सुरू झाल्या त्या धाकलीबायने हाताने थांबवल्या.
पदर खोचला. खोक्यावर वाकली.
"घामाघूम हाय गो," म्हणाली,
"पहाटचंच दिसतंय."

मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

मग तिने पोटावर अंगठा दाबला,
जसा गिऱ्हाइकासमोर दाबत आली असेल,
मांस कसं उसळून वर येतं ते दाखवायला.
साखर वर आली नाही.
खड्डा तसाच राहिला, अंगठ्याच्या रेषांसकट.
नखाने कल्ला उचलला.
"आतून पांढरा," तिने सगळ्या मांडवाला सांगितलं,
"कल्ला लाल नसला तं घेल कोन?"
लोक हसले. ती हसली नाही.
धंद्याची गोष्ट होती.

प्लास्टिकची सुरी परत पाठवून कोयता मागवला.
आधी डोकं, मग आडव्या तुकड्या,
सगळ्या एका मापाच्या, माझी मोजपट्टी लाजेल अशा.
डोकं माझ्या हातावर ठेवलं.
"पावनी तू. चोखून खा."

नंतर गाड्यांच्या ऑर्डरी आल्या, बाहुल्यांच्या,
एकदा आख्खं क्रिकेटचं मैदान.
परवा नेरुळची एक सुरमई आली.
कुणी उचलून बघणार नव्हतं,
तरी झडपेखाली बिटाच्या रसाने रंगवलेल्या
तीन पातळ पात्या लावल्या, एकीवर एक.
आणि खोका बांधायच्या आधी
फ्रीजमध्ये ठेवली.
वीस मिनिटं. मुद्दाम.